स्पॅनिशमधून मनातले सांगताना : एका अ‍ॅपचा नऊ महिन्यांचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनमध्ये वॅलेन्सियाला आलो, त्याच आठवड्यात मी स्पॅनिश शिकवणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली. त्याला आता नऊ महिने झाले. ज्या भागासाठी मी ते रोज उघडत आले, त्याविषयीच लिहिते : आपल्याला काय वाटते, काय होते आहे हे सांगणे आणि त्यासाठी नेमके क्रियापद निवडणे.

आधी जमेची बाजू. उच्चार स्पेनमधले आहेत आणि चुकलेले वाक्य दोन-तीन दिवसांनी हमखास पुन्हा समोर येते. ‘तेंगो आंब्रे’ (भूक लागली आहे), ‘तेंगो सुएन्यो’ (झोप आली आहे), ‘तेंगो फ्रीओ’ (थंडी वाजते आहे) ही वाक्ये पहिल्याच महिन्यात तोंडात बसली. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे. भूक, तहान, झोप, भीती, घाई हे सारे स्पॅनिश माणसाच्या जवळ असते. ही नामे असल्यामुळे ‘खूप भूक’ म्हणताना विशेषणाआधी येणारे ‘मुय’ (खूप) चालत नाही, ‘मूचा आंब्रे’ म्हणावे लागते, हेही अ‍ॅपने नीट घोटून घेतले.

घोडे अडले ते ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांपाशी, कारण आपल्या ‘असणे’साठी तिथे ही दोन आहेत. कायमचे ते ‘सेर’, तात्पुरते ते ‘एस्तार’, एवढाच नियम अ‍ॅप देते. थकव्याला, उदासीला तो पुरतो. पण गेलेल्या माणसाविषयीही स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ असेच म्हणतात, आणि मरणाहून कायमचे दुसरे काय असणार? गुण किंवा ओळख सांगायची तर ‘सेर’, माणूस ज्या अवस्थेत आहे ती सांगायची तर ‘एस्तार’, असे मी पुढे स्वतःपुरते ठरवले. ‘एस्तार’चा मूळ लॅटिन धातू संस्कृत ‘स्था’चा भाऊबंद आहे, त्यामुळे ‘अवस्था’ ही खूण मला कायमची मिळाली.

त्याआधी फजिती व्हायची ती झालीच. फेब्रुवारीत मुलीला ताप आला, म्हणून शाळेत फोन करून मी सांगितले, ‘मि इखा एस माला.’ बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग कळवळून म्हणाल्या, ‘नो, सी एस मुय बुएना!’ मुलगी आजारी आहे असे सांगण्याऐवजी ती वाईट आहे असे मी सांगितले होते, आणि बाई तिची बाजू घेत होत्या. ‘सेर’च्या ‘एस’ऐवजी ‘एस्तार’चे ‘एस्ता’ एवढेच हवे होते.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. अ‍ॅप सारे इंग्रजीतून समजावते, आणि मराठी माणसाला जे सहज कळावे तेच अवघड करून ठेवते. ‘मे गुस्तान लास फ्लोरेस’ हे वाक्य उलटे आहे असे सांगून त्यावर तीन धडे खर्च केले आहेत. ‘मला फुले आवडतात’ म्हणणाऱ्याला त्यात उलटे काहीच दिसत नाही, कारण आपलेही क्रियापद फुलांप्रमाणेच चालते. ‘मे दा मिएदो’ला ‘मला भीती वाटते’ जवळचे आहे. बाई ‘कान्सादा’ आणि पुरुष ‘कान्सादो’ का, हे ‘दमले’ आणि ‘दमलो’ म्हणणाऱ्याला शिकवावे लागत नाही. शेवटी मी वहीत मराठी रकाना आखला आणि प्रगती खरी तिथून झाली.

‘मे सिएन्तो’चा अर्थ ‘मला वाटते’ही होतो आणि ‘मी बसते’ही, हे अ‍ॅपने सांगितलेच नाही. ‘पोनेर्से’, ‘बोल्बेर्से’, ‘केदार्से’ या तिन्हींसमोर तर नुसते ‘होणे’ लिहून मोकळे झाले आहेत. परीक्षेआधी धडधड सुरू होते तेव्हा ‘मे पोंगो नेर्विओसा’; माणूस वेडा होतो, त्याचा स्वभावच पालटतो, तिथे ‘बोल्बेर्से’; आणि काही ऐकून आपण थिजून जातो तेव्हा ‘मे केदे एलादा’. मराठीतले ते ‘जातो’ इथे ‘केदार्से’ सांभाळते.

पुढची वर्गणी मी भरणार नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींची बहीण वारली. लिफ्टमध्ये त्या भेटल्या तेव्हा मला ‘लो सिएन्तो मूचो’ (फार वाईट वाटते) एवढेच म्हणता आले. मागून आलेल्या गृहस्थांनी त्यांचा हात धरला आणि म्हटले, ‘ले आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो’, म्हणजे या दुःखात मी तुमच्या सोबत आहे. घरी येऊन ते वाक्य मी वहीत उतरवले.