गॅबियन भिंत, वरचे काका आणि खालचे आम्ही : पाचपैकी चार स्टार

गॅबियन भिंत, म्हणजे तारेच्या जाळीच्या खोक्यांत दगड भरून केलेली भिंत, आम्हाला बांधून देणाऱ्या ठेकेदारांना चार स्टार देतेय. एक कापलाय तो जाळी भरण्याच्या कामासाठी, ते पुढे सांगते. आधी भानगड काय होती ते ऐका, कारण कोकणात एनए प्लॉट घेतलेल्या बऱ्याच जणांचं हेच रडगाणं असणार.

चिपळूणच्या बाजूला उतारावरचं प्लॉटिंग आहे. डेव्हलपरने जेसीबी लावून उताराच्या पायऱ्या पाडल्या, फोटोत प्रत्येक प्लॉट सपाट दिसायला हवा ना, आणि मधे जी उभी कापलेली दरड राहिली तिला भिंत नाही की गटार नाही. प्लॉट विकले आणि तो मोकळा झाला. आम्ही खालच्या प्लॉटवर, वर मुंबईहून रिटायर होऊन आलेले काका-काकू, मधे दोनेक मीटरची दरड. जोराचा पाऊस झाला की लाल चिखल थेट आमच्या पडवीत. मी म्हटलं काका माती तुमची येतेय, तुम्ही अडवा. काका म्हणाले माती माझी असेल पण कापलंय तुमच्या बाजूने, सपाटी तुम्हाला मिळाली, बांधा तुम्ही. ग्रामपंचायतीत गेलो तर तुमचं खासगी आहे, आपसात बघा. डेव्हलपरवर केस टाकायचीही चर्चा झाली पण तारखा पडत राहतात, दरड काय तारखेची वाट बघत बसत नाही.

आधी जे गवंडी-कॉन्ट्रॅक्टर आले त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघूनच भाव सांगितला. चिऱ्याची भिंत, वरून प्लास्टर, झालं. हे ठेकेदार मात्र टेप काढायच्या आधी म्हणाले, हद्द कायम मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दीच्या खुणा दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा, दाखवा. नाहीये म्हटल्यावर कोटेशनच देईनात! तेव्हा राग आला होता, खरं सांगते. पण त्यांचं म्हणणं असं की गॅबियनला पायात दीड मीटर रुंदी लागते, ती नक्की कोणाच्या जमिनीत बसणार हे कागदावर नसेल तर उद्या भिंत झाल्यावर तुम्ही दोघं मिळून मलाच कोर्टात उभं कराल.

मग द्रुतगतीचे पैसे भरून मोजणी लावली, लगतधारक म्हणून काकांना नोटीस गेली, भूकरमापक आले, खुणा झाल्या. गंमत बघा, जमीन मोजताना दरड आम्हा दोघांनाही आपापल्या हद्दीत हवी होती आणि खर्चाचा विषय निघाला की कोणालाच नको होती. रेघ निघाली दरडीच्या बरोबर मधून.

आणि नंतर त्या ठेकेदारांनी जे केलं त्यासाठी खरे तर हे चार स्टार आहेत. त्यांनी काकांना विचारून वरच्या कडेला छोटा खड्डा घेतला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला. वरचे दोन फूट सैल भराव, त्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक. त्याखाली घट्ट मुरूम आणि मग जांभा. म्हणजे खालून कापलेलं होतंच पण वरून बागेसाठी मातीही टाकलेली होती. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे, त्यात शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळायचा हक्क दिलाय, पण जमीन नैसर्गिक अवस्थेत असेल तर, खणलेली नको आणि वर कृत्रिम भारही टाकलेला नको. मला समजलं ते असं की कापणाऱ्या बाजूने कापल्याचं निस्तरायचं, भरणाऱ्याने भरल्याचं. पाण्याचंही तसंच, वरच्या जमिनीवर पडलेला पाऊस आपोआप खाली वाहत आला तर खालच्याने तो घ्यायचा, पण छपराच्या पन्हळीचा पाईप आणि मोरीचं पाणी आमच्या डोक्यावर सोडणं त्यात बसत नाही (काकूंना हे लगेच पटलं, काकांना वेळ लागला).

शेवटी ठरलं की भिंत पूर्ण आमच्या हद्दीत, काकांनी सैल भराव काढून कड उतरती करायची, वर चर खणून पाणी कडेच्या पऱ्यात (ओढ्यात) सोडायचं तेही त्यांनी, आणि भिंतीचा खर्च साठ-चाळीस, साठ आम्ही.

आता भिंतीबद्दल. जाळीचे खोके, आत दगड, खाली दीड मीटर रुंद, वर एक मीटर, किंचित डोंगराकडे झुकवलेली, मागे जिओटेक्स्टाइल कापड म्हणजे पाणी येतं पण माती येत नाही. काकांना शेवटपर्यंत चिऱ्याची भिंत हवी होती, दिसायला छान म्हणून, आणि दिसते छानच, पण पाणी जायला भोकं न ठेवता प्लास्टर मारलं आणि मागे दोन मीटर पाणी तुंबलं तर नुसत्या पाण्याचाच रेटा दर मीटर लांबीला दोन टन येतो, मातीचा वेगळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे भिंतीतून पाणी गळतंय हीच चांगली गोष्ट. आत दगड मात्र काळाच घ्या. स्वस्त म्हणून जांभ्याचे तुकडे भरतात काही जण, ते हलके पडतात आणि झिजतात, आणि गॅबियन उभी असते ती निव्वळ वजनावर. आणखी एक, दगड ब्रासवर मिळतो आणि यांचं कोटेशन घनमीटरवर होतं, 1 ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, हिशेब मांडूनच घासाघीस करा.

आता कापलेला स्टार. मालक साइटवर असेपर्यंत दर्शनी बाजूचे दगड हाताने रचले जात होते, मालक गेले की जेसीबीच्या बकेटने ओतायला सुरुवात. एका खोक्यात पुढची आणि मागची जाळी एकमेकींना बांधणाऱ्या आडव्या तारा टाकल्याच नव्हत्या, त्यामुळे पोट सुटलं. फोटो पाठवल्यावर उघडून परत भरून दिलं, कुरकुर न करता, पण कोणी बघत नसतं तर तसंच राहिलं असतं. काम घ्याल तर घरातलं कोणीतरी तिथे खुर्ची टाकून बसा.

पावसाळा निघाला, पडवी कोरडी. काका आता येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची भिंत" म्हणून दाखवतात, म्हणू देत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दुरुस्ती कोणी करायची, वर परत माती टाकायची नाही, चर दर मे महिन्यात कोणी साफ करायचा हे सगळं लिहून सह्या घेतल्यात.

हे लोक एप्रिलनंतर नवीन दरड खणायला घेत नाहीत, कितीही गयावया करा, उघडी कापणी पावसात सापडू नये म्हणून. तेव्हा करायचं असेल तर मोजणीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.