मांडीवर कोण? लॅब्रॅडॉर की कॉकर स्पॅनियल

पीटीएसडी (जबर आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) आणि जुनाट दुखणं दोन्ही मागे लागलेल्या माणसाची सर्व्हिस डॉगकडून, म्हणजे मदतीची कामं शिकवलेल्या कुत्र्याकडून, मागणी उलटसुलट होते. घाबरलेल्या मनाला अंगावर वजन हवं असतं, दुखऱ्या अंगाला ते सोसत नाही. 30 किलोचा लॅब की 13-14 किलोचा कॉकर, हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो. बाकीचं जुळवून घेता येतं.

वस्तू आणून देण्यात लॅब सरस, यात वाद नाही. फ्रिजच्या मुठीला दोर बांधून द्या, ओढून दार उघडतो. भिंतीवरचं बटण नाकाने दाबतो. कॉकर फ्रिजच्या दाराशी झटतो आणि सोडून देतो. औषधांची थैली, फोन, पडलेली काठी मात्र तोही आणतो. काठीच्या मधोमध कापडी पट्टी गुंडाळा. गुळगुळीत धातू दातांत धरायला बरेच कुत्रे कचरतात. दिव्यासाठी जमिनीवरचं, पंजाने दाबायचं बटण बसवता येतं. वाईट स्वप्नातून जागं करण्यात दोघं सारखेच. उठताना पाठीचा आधार मिळेल म्हणून लॅब घेत असाल, तर तो विचार सोडा. या जातीत खुब्याचे विकार नेहमीचे. त्याची काठी करू नका.

आता अंगावर दाब देण्याचं काम. शिकवताना सगळं लक्ष चढण्याकडे असतं, दुखतं ते उतरताना. कुत्रा चढतो सावकाश, पुढचे पाय टेकत. उतरताना मागच्या पायांनी रेटा देऊन उडी घेतो, आणि 30 किलोचा तो रेटा मांडीवर दोन पंजांएवढ्या जागेत येतो. मन शांत होतं, मांडी दोन दिवस ठणकत राहते. पुढच्या वेळी कुत्र्याला बोलवताना आपण घुटमळतो, आणि एकदा घुटमळलो की ते शिकवलेलं काम असून नसल्यासारखं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

लॅब आधीच घरात असेल तर त्याला अख्खा मांडीवर घेऊ नका. सोफ्यालगत बसवून फक्त हनुवटी आणि पुढचे पाय आडवे टेकवायला शिकवा, तेही कमी दुखणाऱ्या बाजूने. उतरायची खूण वेगळी आणि हाताची ठेवा, कारण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटेलच असं नाही. खाऊ लांब फेकला की कुत्रा उडी मारणारच. खाऊ सोफ्याच्या पायाशी ठेवा. कॉकरलाही हेच शिकवावं लागतं, पण त्याची चूक निभावून जाते.

अमेरिकेतून विमानाने जाताना, 2021 पासूनच्या नियमानुसार, सर्व्हिस डॉग प्रवाशाच्या पायांपाशी किंवा मांडीवर मावावा लागतो. लॅबला मावून घेता येतं, पण मग आपले पाय कुठे ठेवायचे? आखडणाऱ्या गुडघ्यांना मुंबईपर्यंतचा प्रवास तसाच काढणं कठीण. 8 तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासात शी-शूबद्दलचा फॉर्म विमान कंपनी मागू शकते, तो दोघांनाही सारखाच.

कॉकरचं दुखणं म्हणजे केस आणि कान. दुखऱ्या बोटांनी रोज विंचरणं जमत नाही, म्हणून दर 6 ते 8 आठवड्यांनी केस आखूड कापून घ्यावे लागतात, आणि लोंबते कान आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहावे लागतात, नाहीतर आत ओल राहून संसर्ग होतो. हा खर्च खरा आहे. वाकणं हाच मुख्य त्रास असेल आणि मांड्या धड असतील, तर लॅबच घ्या, मी अडवणार नाही. मात्र त्याचे केस घरभर गळतात, आणि ते झाडायला वाकावंच लागतं.