मायक्रोटोम सर्व्हिसिंग: जाड-पातळ सेक्शन थांबले, ४ स्टार

ज्यांच्या हिस्टोपॅथ (टिश्यू तपासणीच्या) लॅबमध्ये जुना, हाताने फिरवायचा रोटरी मायक्रोटोम, म्हणजे वॅक्समध्ये बसवलेल्या टिश्यूच्या ब्लॉकचे पातळ काप (सेक्शन) काढायचं मशीन, आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. आमच्याकडे ४ मायक्रॉनला सेट करूनसुद्धा रिबनमध्ये (एकाला एक जोडून येणाऱ्या सेक्शनच्या पट्टीत) एक सेक्शन जाड एक पातळ, मधेच एखादा येतच नाही आणि त्याच्या पुढचा डबल जाड, असं चालू झालेलं, स्टेन केलं की एक गडद एक फिकट आणि लिम्फ नोडच्या स्लाईडवर तर पेशी एकावर एक चढलेल्या, पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणायच्या यावर रिपोर्ट कसा देऊ. आधीच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) माणूस यायचा, वरून तेल सोडायचा, सही घ्यायचा, गेला. शेवटी या बाहेरच्या सर्व्हिसवाल्यांना बोलावलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आल्या आल्या कव्हर उघडायला घेतलं नाही. आधी मला कापायला लावलं आणि नुसतं बघत बसले. मग नवीन ब्लेड लावून टिश्यू नसलेला, नुसत्या वॅक्सचा ब्लॉक कापला. त्यातही जाड-पातळ येत असेल तर टिश्यूच्या प्रोसेसिंगला नाहीतर त्यातल्या कॅल्शियमला दोष देऊन उपयोग नाही, गडबड मशीनमध्ये नाहीतर होल्डरमध्ये. किती साधी टेस्ट आहे ही, प्रत्येक लॅबने करायलाच हवी! बर्फावरून उचललेला ब्लॉक गरम होताना फुगतो म्हणून सुरुवातीचे सेक्शन जाड येतात, तो मशीनचा फॉल्ट नाही, हेही त्यांनी आमच्या नवीन मुलाला नीट समजावलं.

मग बाहेरून आत तपासत गेले. कॅसेट क्लॅम्प हलतोय का, ब्लेडच्या प्रेशर प्लेटखाली वॅक्सचे कण अडकलेत का (अडकलेले होते, त्यामुळे ब्लेड एका बाजूला घट्ट बसतच नव्हतं), क्लिअरन्स अँगल (ब्लेडची पाठ आणि ब्लॉक यांच्यातला कोन) कमी पडतोय का. अँगल कमी पडला की ब्लॉक ब्लेडच्या पाठीला घासतो, दाबला जातो, एका फेरीत काहीच कापलं जात नाही आणि पुढच्या फेरीत दोन्हीचं मिळून येतं. आमचा ५ अंशांच्या आसपास आणून ठेवला. हे सगळं झाल्यावरच कव्हर काढलं तर आत फीड स्क्रूवर (दर फेरीला ब्लॉक पुढे सरकवणाऱ्या स्क्रूवर) जुनं तेल चिकट गोंदासारखं झालेलं आणि फीडचा नट झिजलेला. स्क्रू साफ करून नवीन तेल दिलं तेव्हाच बराच फरक पडला, नट बदलल्यावर ३ मायक्रॉनलासुद्धा सलग एकसारखी रिबन यायला लागली, किडनी बायोप्सीवाल्यांना कळेल हे काय सुख आहे.

एक स्टार कापला कारण नट यायला फार वेळ लागला आणि तोपर्यंत अर्जंट ब्लॉक बाहेर पाठवावे लागले, शिवाय काय तपासलं काय बदललं याचा लेखी रिपोर्ट मागितल्याशिवाय देत नाहीत. व्हिजिट चार्ज वेगळा आहे, फोनवरच विचारून घ्या. बोलावणार असाल तर बिघडलेली रिबन आणि त्या स्लाईड जपून ठेवा, ते आधी तेच मागतात.