महिन्याला एक कोपरा: वर्षभर घर आवरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर अख्खं घर उपसायचं आणि लक्ष्मीपूजनाला कंबर धरून बसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. गेल्या गुढीपाडव्याला ती मोडली. आता महिन्याला एकच कोपरा काढायचा, तो धसाला लावायचा आणि बाकी घराकडे त्या महिन्यात काणाडोळा करायचा. आता फाल्गुन लागलाय, म्हणजे बरं-वाईट दोन्ही सांगण्याइतका वापर झालाय. घर भांडुपमधलं वन बीएचके. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई.

आधी निकाल सांगून टाकते. पद्धत चालते, पण डबे, लेबलं, कप्पे यांचा त्यात फारसा हात नाही. घरातून वस्तू बाहेर नेणार कोण, हे आधी ठरलेलं असेल तरच ती चालते. "हे नको" असं कोणीही म्हणतं. मग ते नको असलेलं पिशवीत भरून दारामागे उभं राहतं, आठवडाभराने कोणीतरी त्यातली चादर परत ओढून काढतं आणि पिशवीची गाठ सुटते ती सुटतेच. त्यामुळे आता कोपरा उघडण्याआधीच आम्ही ठरवतो: कागद रद्दीवाल्याला, कपडे बोहारणीला, पितळ मोडीत, शाळेची पुस्तकं अमक्याच्या मुलाला. ज्या वस्तूला नेणारा सापडत नाही, तिचा कोपरा पुढच्या महिन्यावर.

महिन्यांचा क्रम मात्र आपल्या हवेप्रमाणे लावावा. व्हिडिओत बघून जुलैत गाद्या काढणाऱ्यांना मी हात जोडते. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. मधल्या काळात माळा आणि पलंगाचा कप्पा बंदच बरा, कारण बाहेर काढलेलं वाळवणार कुठे? चैत्र-वैशाखात माळा, पावसाळ्यात कागदपत्रं, औषधं आणि स्वयंपाकघर, ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या आणि साड्या, हे आम्हाला जमलं. गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, हेही गणितात धरा.

माळ्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खरी कसोटी तिथेच लागली. बाथरूमवरचा तो माळा म्हणजे सासूबाईंचा प्रांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होत्या. लग्नाचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, गाद्या, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून महत्त्वाचं काहीही हाती आलं की "वर ठेव" हे त्यांचं ठरलेलं. हे लक्षात न घेता माळ्यावर चढलं असतं तर भांडणच झालं असतं. म्हणून पहिल्यांदा कागद आणि फोटो उतरवले, ते गोदरेजच्या कपाटात अगदी वरच्या खणात त्यांच्या देखत लावले आणि मगच बाकीच्याला हात घातला.

निघालं काय काय? पाट, चौरंग, जुन्या सतरंज्या, पितळेचं घंगाळ, केव्हाच भंगारात गेलेल्या टीव्हीचं खोकं आणि थर्माकोलचं मखर. महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही २०१८ मध्ये बंदी आली, त्याच्याही आधीचं हे मखर. एका खांबाचा सोनेरी कागद सुटलेला, मागे अजून चिकटपट्टीचे पिवळे डाग. रद्दीवाल्याने लांबूनच मान हलवली. शेवटी तुकडे करून पोत्यात भरलं आणि सुक्या कचऱ्यात दिलं. पितळेची फुटकी, चेपलेली भांडी भुलेश्वरजवळ तांबाकाट्याला मोडीत दिली, घंगाळ मात्र राहिलं. दरवाज्याशी ठेवून त्यात घडीच्या छत्र्या टाकल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, आंघोळीचं भांडं ते, तिथे शोभतं का?" दिवाळीच्या पहाटे छत्र्या काढून त्यातच उटणं-पाण्याची तयारी झाली, तेव्हापासून हा विषय बंद आहे.

बोहारीण हा या पद्धतीचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात फसवा भाग. आमच्या सोसायटीत वॉचमन तिला वर सोडत नाही, म्हणून व्यवहार खाली जिन्यापाशी. प्रत्येक पँट ती उजेडात धरते, चेन वरखाली करून बघते, मांडीशी कापड विरलंय का ते बोटाने चाचपते. साड्यांना तिच्या लेखी फारशी किंमत नाही. "ताई, नुसत्या साड्यांवर एवढा टोप नाही बसत, अजून दोन पँटी टाका." घासाघीस सासूबाईंनी करायची, मी नुसती उभी. आणि शेवटी काय? कपाटाचा खण रिकामा आणि भांड्यांच्या मांडणीत आणखी एक टोप. "फुकट आलाय, राहू दे," हे वर. मग नियम केला: घरातलं एक फुटकं काढायचं असेल तरच त्याच्या जागी तिच्याकडून नवं घ्यायचं, नाहीतर कपडे देऊन टाकायचे. मऊ सुती साड्या मात्र तिला देत नाही, त्या गोधडीसाठी गावी जातात.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण पावसात घरी बसून होतं. घराचं अॅग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये. गाडीचं आरसी आणि लायसन्स डिजीलॉकरमध्ये चालतं. दुकानातल्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं वर्षभरात कोरी होतात, त्यामुळे वॉरंटीचं बिल आणल्या दिवशीच फोटो काढून ठेवायची सवय लावली. औषधांच्या डब्यात निम्म्या स्ट्रिप्स तारीख उलटलेल्या होत्या. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सीएफएल, बॅटरीचे सेल हे सगळं वेगळं द्यायचं असतं, ओल्या-सुक्यात टाकायचं नसतं. वेगळं बांधून, वर लिहून देतो. कचरा नेणारा दादा पहिल्यांदा हसला होता.

भाद्रपदात गणपती असतात, काही होत नाही, सोडून द्या. पण पितृपक्षात नवीन खरेदी करायची नसतेच, तर तो पंधरवडा स्वयंपाकघरातले डबे संपवायला छान. तळाला गेलेली कडधान्यं, अर्धी अर्धी पिठं, सगळ्यांची थालीपिठं झाली.

विकत घेतलेल्या सामानाबद्दल दोन शब्द. पारदर्शक प्लास्टिकचे झाकणवाले डबे चांगले, पण घट्ट झाकणाच्या डब्यात किंचित दमट कपडा गेला तरी मुंबईत बुरशी ठरलेली. व्हॅक्यूम बॅगा पैसे वाया: काही दिवसांत हवा परत भरते आणि रजया फुगून पलंगाचं फळकूट बसत नाही. जरीच्या साड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, जर काळवंडते. धुतलेलं सुती कापड गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी बदला.

न आवडलेलं म्हणजे वेग. स्वयंपाकघर संपेस्तोवर मुलांचं टेबल पुन्हा होतं तसं झालेलं असतं. आणि नवऱ्याची खोकी! मिक्सर, राउटर, इस्त्री, प्रत्येकाचं रिकामं खोकं "वॉरंटीला लागेल" म्हणून जपलेलं. वॉरंटी उलटली की खोकं जाईल, असा तह झालाय आणि खोक्यावर तारीख मार्करने लिहिलेली असते. पहिलं खोकं येत्या मे महिन्यात जायचंय, बघू.

गुण पाचपैकी साडेतीन. दोघं नोकरी करणारे असतील आणि घरात मोठी माणसं असतील तर एकेक कोपराच झेपतो, एकदम सगळं काढलं तर घरात अबोला होतो. मात्र ज्यांच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं पक्कं झालंय, त्यांनी यात पडू नये, तेवढं वर्ष हाताशी नसतं. त्यांनी सरळ माळा आणि पलंगाखालचं आधी काढावं, रद्दी-भंगारवाल्याला पहिल्याच रविवारी बोलवावं आणि कपडे शेवटी ठेवावेत, कारण ते भाड्याच्या घरात गेल्यावरही बोहारणीला देता येतात.