आईचा वात, मावशीचा वात: आधी कुणाला दाखवायचं?

आमच्या घरात आईलाही 'वात' आणि मावशीलाही 'वात'. आई जिना उतरताना कठडा सोडत नाही. मावशीला सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. शब्द एकच असल्यामुळे मावशीने दोन वर्षं आईचंच तेल गुडघ्याऐवजी मनगटाला चोळलं, आणि ती दोन वर्षं वाया गेली.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा (कार्टिलेज), म्हणजे एक प्रकारची गादी असते. तिच्यात ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. तिचं पोषण होतं सांध्यातल्या वंगणावर, आणि ते वंगण तयार करतं सांध्याचं आतलं पातळ अस्तर. आईचा बिघाड मुख्यतः कूर्चेचा, मावशीचा अस्तराचा.

आईचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण म्हणतो ती झीज. चाललं की दुखतं, टेकलं की बरं वाटतं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. गुडघे, खुबा, हाताच्या अंगठ्याचं मूळ आणि बोटांची नखाजवळची पेरं या तिच्या ठरलेल्या जागा. कूर्चेला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते खालच्या हाडाला आणि आजूबाजूला. म्हणूनच एक्स-रे भयंकर दिसूनही एखादी आजी आरामात देवळाला जाऊन येते.

मावशीचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आमवात. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच अस्तरावर उलटते. सुजलेलं अस्तर कूर्चेवर पसरतं आणि हाडाची कड कुरतडतं. विश्रांतीने आखडतं, हात हलवत राहिलं की मोकळं होतं. पण सकाळी त्याला तासाच्या वर जातो. मनगटं आणि बोटांची मुळं, बहुधा दोन्ही हातांची, सुजतात. नखाजवळची पेरं मात्र सहसा वाचतात. घरी करून पाहा: तळहात आडवा धरून बोटांच्या मुळांशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. आई हसते, मावशी कळवळते.

मग कुणाकडे? झीज असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्याइतकाच फिजिओथेरपिस्ट. मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं हे कंटाळवाणे उपाय कामाचे आहेत; सांधेबदल शेवटी. आमवाताची शंका असेल तर सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे वाताच्या अशा आजारांचे तज्ज्ञ, तेही लवकर, कारण हाडाची एकदा झालेली नासाडी औषधाने भरून येत नाही. फक्त 'आरए फॅक्टर' या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. तो धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी ही दुसरी, जास्त नेमकी रक्ततपासणी, तरी तीही हात तपासूनच वाचायची.

मध्यरात्री पायाचा अंगठा लाल होऊन चादरही सहन होईना, तर गाऊटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या वाताचा, विचार करा. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. आणि एकच सांधा गरम, सुजलेला, वर ताप, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झालेला असू शकतो.

मावशीला मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू झालं. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मावसभावाने कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल केलाय, आणि गोळी घेतली की मावशी त्यावर फुली मारते.