सिकलसेलची तपासणी: लग्नाआधी की दिवस गेल्यावर?

विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या अनेक घरांत ‘पॅटर्न’ हा शब्द कापडाबद्दल नसतो. ‘पोरीचा एएस पॅटर्न निघाला’ असं कुजबुजत सांगितलं जातं, आणि ऐकणारा लगेच स्थळाचा विचार करायला लागतो.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, आणि ‘पॅटर्न’ म्हणजे त्याच्या रक्ततपासणीचा निकाल. एएस म्हणजे वाहक. हा आजार नव्हे, त्याला औषध लागत नाही. जोडीदार एए, म्हणजे वाहकही नसलेला, असेल तर एकही मूल एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त, होत नाही. दोघंही एएस असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. पहिलं बाळ ठणठणीत झालं म्हणून दुसऱ्या खेपेला ती कमी होत नाही.

तपासणी दोन्ही वेळी तीच. सोल्युबिलिटी टेस्ट काही मिनिटांत होते, पण एएस आणि एसएस यांतला फरक ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. एचपीएलसीचा आग्रह धरा, कारण बीटा थॅलेसेमियाचा (हाही आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) वाहक तिच्यात सापडतो. एक एएस आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक, अशा जोडप्यालाही सिकलसेलचं मूल होऊ शकतं. नुसत्या सोल्युबिलिटीवर ‘नवरा निगेटिव्ह’ म्हणून निश्चिंत होऊ नका.

लग्नाआधी

फायदा एकच, पण मोठा: वेळ हाताशी असतो. दोघंही एएस निघाले तरी लग्न करता येतं. गर्भाची तपासणी, आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून घेणं (महागडं), दत्तक, यांपैकी काय करायचं ते शांतपणे ठरवता येतं.

अडचण प्रयोगशाळेत नाही, बैठकीच्या खोलीत आहे. ‘पत्रिकेऐवजी रक्त तपासा’ ही घोषणा मला खटकते ती याचमुळे. पत्रिका बघायची सवय स्थळ नाकारायची आहे. मुलगा एए असतानाही एएस मुलीला नकार जातो, आणि तपासणीच्या निकालाचं कार्ड आधी मागितलं जातं ते बहुतेक वेळा मुलीकडेच. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनॉस गावाचा अनुभव 1970च्या दशकात प्रसिद्ध झाला. तिथे गावभर तपासणी झाली, वाहकांना कमी लेखलं गेलं, काहींनी ते लपवलं, आणि वाहक-वाहक लग्नं व्हायची ती झालीच. आपल्याकडे त्यात जातीची भर: ‘हा आमच्यातला आजार नाही’ म्हणत तपासणीच टाळणारे कमी नाहीत.

म्हणून माझं मत, स्थळं बघायला लागण्याच्या बरंच आधी, कॉलेजात असतानाच तपासून घ्या. बोलणी पुढे गेली की दोन्ही घरांनी कार्डं एकाच दिवशी दाखवावीत. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी धरली आहे, तेव्हा आशाताईंना विचारलं तरी वाट सापडते.

दिवस गेल्यावर

इथे लाज कमी आडवी येते, कारण बाईचं रक्त तसंही घेतलं जातं. मात्र घड्याळ चालू असतं. ती एएस निघते, मग नवऱ्याला निरोप जातो, तो कामावर, पुढच्या आठवड्यात येतो. गर्भाच्या वारेचा तुकडा साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात, गर्भजल 16 आठवड्यांच्या आसपास. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. त्यानंतर अहवालाची वाट. गर्भपात करायचं ठरलंच तर 20 आठवड्यांनंतर कायद्याच्या अटी वाढतात, 24 नंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. (या तपासणीत लिंग सांगत नाहीत, विचारूही नका.)

आणि निर्णय सोपा नसतो. एसएस असलेली माणसं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेत शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. काहींना मात्र वारंवार असह्य वेदना, रक्त चढवणं, दवाखाने. बाळाच्या वाट्याला यातलं काय येईल, ते गर्भाचा अहवाल सांगत नाही. हे ओझं चौथ्या महिन्यात, सासरी, बहुतेक एकट्या बाईवर पडतं. दोन्ही पर्याय खुले असतील तर मी पहिलाच निवडेन तो यासाठी.

पण तुम्हाला आधीच दिवस गेले असतील तर हा वाद तुमच्यासाठी संपला. एएस निघण्याची वाट न बघता पहिल्याच तपासणीला नवऱ्याला सोबत न्या आणि दोघांचं रक्त एकदम द्या. त्याची एचपीएलसी पूर्ण नॉर्मल आली, तर वारेचा तुकडा काढायची वेळच येत नाही.