ओळखपत्राशिवाय माप नाही
पुण्याच्या लष्कर भागातील गणवेश शिवणाऱ्या या जुन्या दुकानात सेवानिवृत्त वडिलांच्या ब्लेझरवर पदके बसवून घ्यायला गेलो, तेव्हा मालकांनी टेप हाती घेण्याआधीच वडिलांचे ओळखपत्र मागितले, आणि ते रास्तच होते. १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवलेला डिजिटल नक्षीचा लढाऊ गणवेश खुल्या बाजारात विकायचा नाही, असे सैन्याने ठरवले आहे. शिवाय सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश घालणाऱ्याला होणारा दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत असे, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार २००० रुपयांपर्यंत गेला आहे. पदके अगदी एका रेषेत बसली असून टाका शोधूनही दिसत नाही. अस्तराला मात्र खिशापाशी चुणी राहिली, आणि ब्लेझर सांगितलेल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा मिळाला.